आधी वाकून बघा

ठेच लागली की हात आपोआप खाली जातो आणि बोट चोळायला लागतो. पोरांनो, आधी तो हात आवरा. चोळल्याने क्षणभर बरं वाटतं, पण आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त आणखी पसरतं, सूज वाढते आणि हाडाला चीर गेली असेल तर ती हलते. बसा. पाय उजेडात घ्या आणि वाकून नीट बघा. पायाचं बोट डोळ्यांपासून सगळ्यात लांब, म्हणून त्याचे हाल होतात. हाताचं बोट कापलं तर माणूस दहा वेळा उलटसुलट करून बघतो. पायाच्या बोटाकडे मात्र चप्पल घालता येईनाशी होईपर्यंत लक्ष जात नाही.

कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी सगळी नोकरी झाली. पाऊस लागला की पायाच्या बोटांची रीघ लागायची. कुणाचं लावणीत कापलेलं, कुणाचं चिऱ्याच्या पायरीवर आपटलेलं, कुणाचं नारळ पडून चेचलेलं. लागल्या दिवशी क्वचितच कुणी यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी यायचे, तेही बोटावर हळद, चुना नाहीतर तंबाखूची पूड थापून. आमच्या मोठ्या सिस्टर त्या थरावर कोमट पाणी सोडत बसायच्या आणि थर पुरता निघेपर्यंत औषधाच्या कपाटाला हात लावू द्यायच्या नाहीत. जखम दिसल्याशिवाय उपचार सुचत नाही, हे त्यांच्याकडून शिकले. आता मी तुम्हाला जे सांगते आहे, त्यातलं निम्मंअधिक त्यांचंच आहे.

पहिली गोष्ट बायकांसाठी. पायाला काहीही लागलं, अगदी घोटा मुरगळला तरी, जोडवी आणि मासोळ्या लगेच उतरवा. आधी जोडवी, मग बाकीचं. सूज तासाभरात चढते आणि चांदीचं वेढणं काही सैल होत नाही. मग रक्त आत जातं पण परत यायला वाट राहत नाही, बोट जांभळं पडतं, थंड होतं, बधिर होतं. उतरवताना ओढाताण करू नका. आडवं व्हा, पाय उशीवर उंच ठेवा, थोडा वेळ गार पाण्याची पट्टी लावा, मग साबण किंवा खोबरेल चोपडून जोडवं गोल गोल फिरवत पुढे आणा. बहुतेक जोडव्यांची टोकं खालून सुटी असतात. दोन्ही टोकं धरून दुसऱ्या कुणीतरी अलगद फाकवली की ते मोकळं होतं. अखंड वेढं असेल तर शिवणाचा जाड दोरा घ्या, त्याचं एक टोक जोडव्याखालून टाचेच्या बाजूला काढून ठेवा आणि उरलेला दोरा जोडव्याच्या पुढे, नखाच्या दिशेने, पेराभोवती जवळजवळ गुंडाळा. मग टाचेकडचं टोक धरून दोरा उलगडत जा. जोडवं वेढ्यांवरून सरकत पुढे येतं. बोट फार दुखत असेल किंवा वाकडं झालं असेल तर हा खटाटोप नको. सरळ पकडीने कापा, नाहीतर दवाखान्यात कापून घ्या. सौभाग्याचं लेणं कापायचं कसं, म्हणून रात्रभर काळं-निळं बोट घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सासूबाईंनी, आईने, कुणीही त्या वेळी आडवं येऊ नये, आणि आलं तर घरातल्या पुरुषाने पुढे होऊन पकड आणावी. चांदी सोनाराकडे पुन्हा सांधून मिळते.

जखम उघडी असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. नळ नसेल तर तांब्याने धार धरा. दोन-तीन मिनिटं खरंच धुवा, नुसतं ओलं करू नका. जांभ्याच्या दगडावर खरचटलं की तांबडी माती कातडीत घुसते आणि ती राहिली तर पिकते. धुतल्यावर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून दाबा आणि दहा मिनिटं उचकू नका. थांबलं का, थांबलं का, म्हणून दर मिनिटाला कापड उचलणारा माणूस नुकतीच धरलेली गुठळी स्वतःच तोडत असतो. दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबलं नाही, तर दवाखाना.

जखमेवर माती, शेण, राख, चुना, कॉफीची पूड यांतलं काहीही नको. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. लोक लोखंडाच्या गंजाला घाबरतात. गंजाने धनुर्वात होत नाही, पण गंजका खिळा बहुधा मातीत पडलेला असतो आणि खोल रुततो. खोल, अरुंद, हवा न लागणारी जखम त्या जंतूंना हवीच असते. घरातल्या प्रत्येकाने शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कुठेतरी लिहून ठेवा. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी देतात. त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. मुलांना ते १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळतं, गरोदर बाईलाही मिळतं. लहानपणापासूनच्या मात्रा पूर्ण झाल्या असतील, तर मातकट किंवा खोल जखमेला शेवटच्या मात्रेनंतर ५ वर्षं उलटल्यावर पुन्हा लागतं, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षं. दर खरचटण्याला टोचून घ्यायची गरज नाही. तारीखच माहीत नसेल, तर मात्र टोचून घ्या.

आता हाडाचं. अंगठ्यात दोन हाडं असतात, बाकीच्या बोटांत तीन-तीन. पुष्कळांच्या करंगळीत त्यातली दोन जन्मतःच जुळून गेलेली असतात. बोटाने आपटी खाल्ली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘हलवता येतंय ना, मग मोडलं नाही.’ हे खोटं आहे. मोडलेलं बोटही हलतं. चालता आलं म्हणूनही हाड शाबूत ठरत नाही. बघायचं ते असं: दोन्ही पाय शेजारी ठेवा आणि दुखऱ्या बोटाची दुसऱ्या पायाच्या त्याच बोटाशी तुलना करा. नखाचं तोंड वेगळ्या दिशेला वळलंय का? बोट तिरकं, आखूड किंवा एकावर एक चढलेलं दिसतं का? नख हलकेच दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. टोकाला कापूस लावून बघा, कळतंय का? यातलं काही चुकीचं दिसलं, हाडापर्यंत गेलेली जखम दिसली किंवा पाय टेकवताच येईना, तर वेळ न घालवता डॉक्टरकडे जा. वाकडं बोट ओढून सरळ करायला कुणाला देऊ नका. हाडवैद्याकडे नेऊन कडाकडा ओढून आणलेली बोटं मी पाहिली आहेत. निखळलेलं बोट बसवायच्या नादात चीर गेलेलं हाड पुरतं सरकलेलं असतं.

अंगठा दुखावला असेल तर त्याला वेगळा न्याय. चालताना शेवटचा रेटा अंगठा देतो, म्हणून त्याचं हाड जरासं तिरकं जुळलं तरी पुढे चाल बिघडते. अंगठ्याला जोराचा मार असेल तर हाडाचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायचाच. कबड्डीत अनवाणी पायाचा अंगठा मागे मुडपतो आणि बुडातला सांधा सुजतो, तेही साधं समजू नका. खालचे बंध ताणले किंवा तुटले असतील तर काही आठवडे विश्रांती आणि कडक तळव्याचा बूट लागतो. दोन दिवसांनी मैदानात परत उतरलेल्या पोराचा अंगठा पुढे वर्षानुवर्षं धरतो.

बाकीची चार बोटं सरळ रेषेत असतील तर उपाय बहुधा घरचाच. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ उघडा लावला तर कातडी भाजते. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. त्या दोन दिवसांत गरम शेक नको, मालिश नको. मग दुखरं बोट शेजाऱ्याला बांधायचं: करंगळी तिच्या शेजारच्या बोटाला, दुसरं बोट तिसऱ्याला, अंगठ्याला नको. दोन बोटांच्या मध्ये कापसाची किंवा गॉजची पातळ घडी ठेवायचीच, नाहीतर घामाने आतली कातडी सडते. चिकटपट्टी सांध्याच्या वर एक आणि खाली एक, इतकीच घट्ट की टोक गुलाबी राहील. अंघोळीनंतर रोज सोडा, पुसा, कोरडं करा, पुन्हा बांधा. वर कडक तळव्याचा, पुढून रुंद बूट घाला. मऊ स्लिपर पावलाबरोबर वाकते आणि प्रत्येक पावलाला मोडलेली जागा हलवते. चार ते सहा आठवड्यांत हाड धरतं. सूज आणि ठणका त्यानंतरही थोडा राहतो, त्याला घाबरू नका.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट काळजात कोरून ठेवा. अनवाणी धावताना मुलाचा अंगठा आपटला आणि नखाच्या मुळापाशी, जिथे नख कातडीत शिरतं तिथे, रक्त दिसलं, तर ती नुसती नखाची जखम समजू नका. त्या नखाच्या मुळाखालीच मुलांच्या हाडाची वाढीची जागा असते. तिथे हाड मोडून वर नखापाशी उघडं पडलेलं असू शकतं, आणि जंतू थेट हाडात जातात. बाहेरून दिसतं एवढंसं. पोर दोन तासांनी खेळायलाही लागतं. तरी त्याच दिवशी फोटो काढा आणि डॉक्टर सांगतील ते औषध पुरं करा.

नख काळं पडणं सगळ्यांच्या ओळखीचं. भरलेला सिलिंडर उचलताना सुटला तर तीसेक किलो वजन बोटावर येतं. त्यातला गॅसच १४.२ किलोचा, वर टाकीचं वजन. नखाखाली रक्त साकळतं, त्याला पसरायला जागा नसते आणि बोट नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतं. ठणका सोसण्यासारखा असेल तर काही करू नका. झोप उडवणारा असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडे जा. ते नखाला बारीक भोक पाडतात, साकळलेलं रक्त बाहेर येतं आणि माणूस त्याच क्षणी सुस्कारा टाकतो. नंतर रक्त गोठून बसतं, मग भोकाचा उपयोग नाही. घरी सुई तापवून हा प्रयोग करू नका. खाली हाड मोडलेलं असेल तर तुम्ही जंतूंना दार उघडून देता.

काळं नख पुढे सुटायला लागलं तरी उपटू नका, ते खालच्या नाजूक कातडीचं झाकण असतं. सुटलेला भाग तेवढा कापा, म्हणजे मोज्यात अडकणार नाही. अर्धं उचकटलेलं नखही तसंच जागेवर बसवा, वर व्हॅसलीन लावलेलं गॉज ठेवा आणि पट्टी बांधा. कोरडं गॉज ठेवलं की दुसऱ्या दिवशी ते जखमेला चिकटतं आणि काढताना आई आणि पोर दोघंही रडतात. चिकटलंच तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा, गॉज आपोआप सुटतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष ते दीड वर्ष जातं, तेव्हा धीर धरा.

वाढणाऱ्या नखाबरोबर काळा डाग पुढे सरकत जायला हवा. तो सरकत नसेल, रुंदावत असेल, शेजारच्या कातडीवर उतरला असेल किंवा मार लागल्याचं आठवतच नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या अंगठ्यावर असाच डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असावं असं वाटलं. १९७७ मध्ये तपासणी झाली तेव्हा तो नखाखालचा कर्करोग निघाला, आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. असं फार क्वचित होतं. पण सावळ्या कातडीच्या माणसांत हा रोग नेमका तळव्यावर आणि नखाखालीच जास्त धरतो, म्हणून सांगून ठेवते.

नखं कापायची ती अंघोळीनंतर, मऊ झाल्यावर, सरळ रेषेत. हाताच्या नखांसारखी कडा गोल करू नका आणि कोपरे खोल कोरू नका. कोपऱ्यात राहिलेली टोकेरी कूस पुढे मांसात शिरते, मग बोट लाल होतं, टमटमतं. नखाच्या मध्यावर खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं सांगणारे भेटतील. नख मुळातून वाढतं, टोकाच्या खाचेचा त्याला पत्ताही नसतो. शिरू लागलेल्या नखाला दिवसातून दोन-तीनदा कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, पुसून कोरडं करा आणि मऊ झालेली कातडी कापसाच्या बोळ्याने नखापासून हलकेच मागे सारा. पार्लरमध्ये कोपरे कोरून घेणं बंद. पू झाला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला तर डॉक्टर.

नखुरड्यावर लिंबू खोचायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गार वाटतं, म्हणून ती टिकली. पण पू आत असताना त्याला वाट हवी असते, आणि ती वाट डॉक्टरने निर्जंतुक पात्याने करून द्यायची असते. जुन्या गोष्टींतलं सगळं मी टाकून द्यायला सांगत नाही. टाचेच्या भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, लावा, त्याहून चांगलं मलम मला ठाऊक नाही. उघड्या जखमेवर मात्र नको.

लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी, फुगलेली, खाज आणि वास. त्यावर पहिलं औषध म्हणजे कोरडेपणा. शेतातून आलं की पाय धुवा आणि प्रत्येक बेचका वेगळा पुसा. त्यासाठी जुन्या धोतराची किंवा नऊवारीची पट्टी टॉवेलपेक्षा सरस. मग क्लोट्रिमॅझोलचं मलम लावा, आणि बरं वाटल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. दुकानदार ‘झटपट गुण’ म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब देतो, ती घेऊ नका. खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी दुप्पट जोमाने परत येते.

आणि ही फटलेली कातडी किंवा कापलेलं बोट घेऊन साठलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या, गुराढोरांच्या मुतातून लेप्टो नावाच्या तापाचे जंतू त्या पाण्यात येतात आणि एवढ्याशा चिरेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण वाढले होते. आपल्या कोकणात तर भातशेतीच्या हंगामात तो दरवर्षीचा. उतरावंच लागलं तर गमबूट घाला. पाण्यात उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत मरणाची कळ आणि डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरला ‘मी शेतात होतो’ हे आधी सांगा. ते कळलं तर औषध वेळेत सुरू होतं.

मार न लागता मध्यरात्री अंगठ्याचं बूड लालबुंद होऊन पांघरूणही सोसेनासं झालं, तर ती ठेच नव्हे. ते युरिक अ‍ॅसिडचं दुखणं असू शकतं. पट्ट्या बांधत बसू नका, तपासणी करा.

घरात साखरेचा आजार असलेलं माणूस असेल, तर आतापर्यंत सांगितलेले घरगुती उपाय त्याला लागू नाहीत. त्याच्या बोटाला लागलं की त्याच दिवशी डॉक्टर. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाची जाणीव जाते. चपलेत खडा असतो आणि दिवसभर कळत नाही. रक्तही कमी पोचतं, म्हणून जखम भरत नाही. आमच्याकडे एक काका आले होते. चपलेचा पट्टा तुटला म्हणून त्यांनी सेफ्टी पिन लावली होती. पिनेचं टोक उघडून बोटात रुतलेलं, आणि मोजा ओला झाला म्हणून त्यांना वाटलं पाऊस लागला. मोजा काढला तेव्हा बोट काळं पडलेलं होतं. ते बोट वाचलं नाही. अशा माणसाचे पाय रोज रात्री घरातल्या कुणीतरी बघावेत, तळवा आणि प्रत्येक बेचका. एकटं माणूस असेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, कारण पोळलेलं त्यांना कळत नाही. कुरूप पात्याने कापू नये, कुरूप जाळणारी पट्टी लावू नये. घरातही अनवाणी फिरू नये. देवघरात चप्पल कशी चालेल म्हणून कुरकुर होते, तर देवघरापुरती वेगळी, धुतलेली, मऊ चप्पल ठेवावी.

गड चढणाऱ्या पोरांची नखं चढताना जात नाहीत, उतरताना जातात. पाय बुटात पुढे घसरतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा टोकावर आदळतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, तोवर पाय जरा सुजलेले असतात. उभं राहून, मोजे घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, आणि पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं हे ध्यानात ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी नखं सरळ कापून ठेवा, उतरणीला घोट्यापाशी नाड्या आवळा. आळंदीहून माउलींबरोबर पंढरपुरापर्यंत अडीचशे किलोमीटर चालणार असाल, तर नवी कोरी चप्पल घालून निघू नका, महिनाभर पायात रुळवून घ्या. फोड आला तर वरची कातडी सोलू नका, आणि ओला मोजा दिवे घाट चढायच्या आधीच बदला. अनवाणी चालायचा नेम असेल तर मुक्कामाला पाय धुऊन एकमेकांचे तळवे बघा. दिंडीत त्याला कुणी नाही म्हणत नाही.

पिन लावलेल्या चपला, अंगठा तुटून दोऱ्याने बांधलेल्या चपला आजच टाका. वरवंटा ओट्याच्या कडेला ठेवू नका. सिलिंडर बदलताना बूट घाला, दुचाकीवरही. रात्री उठणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या वाटेतले पाट, स्टुलं, बादल्या झोपण्याआधी उचला, आणि न्हाणीघराचा उंबरा फरशीच्याच रंगाचा असेल तर त्यावर या रविवारी पांढऱ्या रंगाचा रुंद पट्टा मारून घ्या.